सहाशे मीटर आणि सहा चिंचोके

माघ पौर्णिमा जवळ आली की दरेकसा स्टेशनवर गाडीतून उतरणाऱ्यांच्या हातात पिवळे झेंडे दिसू लागतात. ‘जय सेवा’ म्हणत माणसं धनेगावच्या वाटेला लागतात आणि तिथून जंगलातून कचारगडच्या गुहेकडे चढतात. कली कंकालीच्या ३३ मुलांना याच गुहेत कोंडून ठेवलं होतं आणि पारी कोपार लिंगोनं त्यांना बाहेर काढलं, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. त्या चढावर चौथी-पाचवीची पोरं म्हाताऱ्यांच्या पुढे असतात. दगडावरून दगडावर उड्या मारत वर जातात, मागे राहिलेल्या आजीला बघायला अर्ध्यातून खाली येतात आणि परत वर जातात.

हीच पोरं पंधरा दिवसांनी शाळेच्या आवारात चुन्याच्या रेघेवर उभी करा. शिट्टी वाजवा. निम्मी एकमेकांकडे बघून हसतील, दोन-तीन जागची हलणार नाहीत आणि एखादं मागे वळून विचारेल, “गुरुजी, कुठं जायचं?”

प्रश्न अगदी रास्त आहे. शारीरिक सुदृढता चाचणी घेताना पहिलं काम असतं ते मुलाला हे सांगायचं, की कुठं जायचं आणि कशासाठी. ते न सांगता घेतलेली वेळ ही मुलाच्या दमाची नसते, त्याच्या गोंधळाची असते. आणि ती वहीत एकदा उतरली की खरी वाटू लागते.

मी हे लिहितो आहे ते गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातल्या, कचारगडच्या आसपासच्या दोन शिक्षकी शाळा डोळ्यांसमोर ठेवून. कारण चाचणीची जी माहितीपत्रकं येतात ती क्रीडाशिक्षक, मोठं मैदान आणि साहित्याची खोली असलेल्या शाळेसाठी लिहिलेली असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सहावी ते आठवीला, तोही पट शंभराच्या वर असेल तरच. म्हणजे पहिली ते चौथी-पाचवीच्या शाळेत ही चाचणी तुम्हीच घ्यायची आहे. गणित शिकवणाऱ्यानं, खिचडीचा हिशेब ठेवणाऱ्यानं. ती नीट घेता येते, हे आधीच सांगून टाकतो.

चाचणी कोणती, तर २०१९ पासून खेलो इंडिया आणि फिट इंडियाच्या नावानं शाळांपर्यंत आलेली. फिट इंडिया चळवळ त्या वर्षी २९ ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जन्मदिनी सुरू झाली. पहिली ते तिसरीच्या, म्हणजे साधारण ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी तीनच गोष्टी: उंची-वजनावरून बीएमआय, एका पायावर तोल सांभाळणे आणि दोन चकत्यांवर आळीपाळीनं हात मारणे. चौथीपासून पुढे बीएमआय, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, अर्धे पोटउठाव आणि दंड. पहिलीच्या पोराला ६०० मीटर पळवायचं नाही, हे त्यातच स्पष्ट आहे. तरी काही ठिकाणी सगळी शाळा एकाच रांगेत पळताना दिसते. तसं करू नका.

कधी घ्यायची

आपल्या भागाचं कॅलेंडर पुण्या-मुंबईच्या कॅलेंडरासारखं चालत नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आणि रोवणी, आवारात चिखल. दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी, तेव्हा मोठी पोरं बांधीत आणि लहान पोरं त्यांच्याहून लहानांना सांभाळायला घरी. माघात कचारगडची यात्रा. मार्च लागला की मोहफुलं. पहाटे अंधारात टोपली घेऊन गेलेलं पोर शाळेत येतं ते पेंगतच, आणि त्या दिवशी त्याचा दम मोजण्यात काही अर्थ नाही. मग तेंदूपत्ता आणि ऊन.

उरतं काय? एक फेरी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, धान घरी आल्यावर. दुसरी यात्रा आटोपल्यावर आणि मोह गळू लागण्याआधी, फेब्रुवारीच्या सुमारास. दोन फेऱ्यांत आठ ते दहा आठवड्यांचं अंतर पडतं. मधल्या काळात मुलांनी काही खेळलं तर त्याचा फरक दिसायला ते पुरेसं आहे. शाळा उघडल्यावर एक आणि सत्र संपताना एक, असा कागदावर सुबक दिसणारा आराखडा इथे लावला तर पहिल्या फेरीत चिखल मोजला जातो आणि दुसऱ्या फेरीत ऊन.

वेळ सकाळी साडेनऊच्या पुढची. डिसेंबरात जंगलाकाठच्या गावांत सातला हाडं गोठतात, आणि सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांना थंडी विशेष बाधते. ऊन अंगावर आलं की सुरू करा, साडेअकराच्या आत संपवा. पोषण आहार त्यानंतर. हे मी स्वतः चुकून शिकलो. एका शाळेत तपासणीच्या घाईत मी खिचडीनंतर अर्ध्या तासात मुलांना पळवलं होतं. तिघांना उलटी झाली, आणि पुढे कितीतरी दिवस ती पोरं शिट्टी दिसली की पोट धरायची. मात्र उपाशीपोटीही पळवू नका. घरून काही न खाता आलेली मुलं प्रत्येक वर्गात दोन-चार असतातच. त्यांना आल्या आल्या मूठभर चणे, गूळ किंवा केळं द्या आणि निदान तासभर जाऊ द्या.

कोणाला पळवायचं नाही

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. चाचणीच्या आदल्या आठवड्यात आशाताई आणि अंगणवाडी सेविकेसोबत हजेरीपट घेऊन बसा आणि एकेक नाव वाचा. गोंदिया, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर हा सगळा पट्टा सिकलसेलचा. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रात या जिल्ह्यांत तपासण्या चालू आहेत, त्यामुळे बऱ्याच मुलांची नोंद आरोग्य विभागाकडे असते. शाळेला मात्र ती ठाऊक असतेच असं नाही.

यात दोन प्रकार लक्षात ठेवायचे. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं मूल. अंगातलं पाणी कमी झालं, फार थंडी किंवा ऊन लागलं, जिवाच्या करारानं धावलं, की त्याच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखू लागतात. अशा मुलाला ६०० मीटरची वेळ लावायची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लेखी सांगितलं तरच हलक्या गोष्टी. ‘एएस’ म्हणजे वाहक. त्याला एरवी त्रास नसतो आणि त्याला खेळापासून तोडण्याचं काहीच कारण नाही. फक्त त्यानं आधी आणि नंतर पाणी प्यायलं आहे, उन्हात फार वेळ ताटकळलेलं नाही आणि ‘थांबतो’ म्हटल्यावर त्याला कोणी ढकललेलं नाही, एवढं बघायचं. खरं तर हे तीन नियम सगळ्याच मुलांना लावा, म्हणजे कोण वाहक आहे हे चारचौघांत उघड होत नाही. या आजाराची ओळख गावात पसरली की पुढे सोयरिकीपर्यंत जाते. शिक्षकाच्या तोंडून ती फुटता कामा नये.

सिकलसेलशिवाय दम्याचं, हृदयात दोष सांगितलेलं, झटके येणारं, महिन्याभरात मलेरिया किंवा टायफॉइड होऊन गेलेलं, त्या दिवशी ताप असलेलं मूलही पळणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्यांच्या नोंदी आणि तुमची यादी ताडून बघा. जमलं तर पथक येऊन गेल्यावरच चाचणी ठेवा.

न पळणाऱ्या मुलाला झाडाखाली बसवून ठेवायचं नाही. त्याच्या हातात घड्याळ द्या. अशी पोरं वेळ फार चोख घेतात, कारण त्या दिवशी सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत असतो.

मैदान आखताना

पन्नास मीटर सरळ जागा बहुतेक आवारांत नसते. रस्त्यावर पळवू नका. कापणी झालेली बांधी सपाट दिसते खरी, पण धानाचे खुंट अनवाणी पायात भाल्यासारखे घुसतात, शिवाय दर वीस पावलांवर धुरा आडवा येतो. गावात आठवडी बाजाराची जागा किंवा मंडईचं पटांगण असेल तर ग्रामपंचायतीला विचारा. मोजायला रोजगार सेवकाकडे कामं मोजण्याचा लांब टेप असतो, तो मागून घ्या. नायलॉनच्या दोरीनं मोजू नका, ती ताणली की वाढते. पन्नासाच्या रेघेपुढे निदान दहा मीटर मोकळी जागा हवी, आणि मुलांना खूण सांगायची ती रेघेपलीकडच्या झाडाची. नाहीतर पोरं रेघ दिसली की तिच्या अलीकडेच पाय आवरतात.

सहाशे मीटरसाठी मात्र आवार चालतं. साधारण ४२ बाय २२ मीटर जागा असली तर शंभर मीटरची एक फेरी बसते. मधोमध वीस मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीभोवती टेपनं ९ मीटर २५ सेंटिमीटरवर फक्कीनं अर्धवर्तुळ काढा आणि दोन्ही अर्धवर्तुळं सरळ रेघांनी जोडा. पोरं रेघेपासून फूटभर बाहेरून पळतात, म्हणजे त्यांची खरी त्रिज्या पडते सुमारे ९ मीटर ५५, आणि फेरी भरते शंभर मीटर. याहून लहान जागा असेल तर चौकोनही चालेल, पण कोपरे गोल करा. काटकोनात वळताना पाय मुरगळतात.

सहा फेऱ्या कोणी किती मारल्या, यावरून हटकून भांडण होतं. आठ मुलं पळत असली की कोणाची चौथी आणि कोणाची पाचवी हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. त्याला एक उपाय आहे. पळण्याआधी प्रत्येकाच्या मुठीत सहा चिंचोके द्यायचे. सुरुवातीच्या रेघेवर टोपली ठेवायची. फेरी पूर्ण झाली की एक चिंचोका टोपलीत. शेवटचा पडला की त्याचं घड्याळ थांबलं. पोरांना हा खेळ वाटतो आणि मोजणीचा वाद उरत नाही. एका वेळी आठाहून जास्त सोडू नका. फक्कीऐवजी रंगाची भुकटी वापरू नका, अनवाणी तळव्यांना आणि डोळ्यांना ती चुरचुरते. बाभळीचे काटे आणि खडे आदल्या दिवशी वेचून घ्या. सगळ्यांनी अनवाणी पळायचं की सगळ्यांनी बूट घालून, हे एकदा ठरवा आणि दुसऱ्या फेरीला तेच ठेवा. चप्पल घालून कोणीच नाही.

लहानांच्या तीन गोष्टी

उंची-वजन सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. भिंतीला सरळ टेप चिकटवा, पण खाली पाट्यांची पट्टी असलेली भिंत निवडू नका, टाच भिंतीला टेकत नाही. मुलगी असेल तर वेणी-अंबाडा सोडून. डोक्यावर वही आडवी धरतो तेव्हा ती कललेली असते, म्हणून लाकडी गुण्या किंवा जाड पुस्तकाचा काटकोन वापरा. एक उदाहरण बघा. मूल २२ किलोचं आणि १२४ सेंटिमीटर उंच. वजनाला उंचीच्या मीटरमधल्या वर्गानं भागायचं: १.२४ गुणिले १.२४ म्हणजे १.५४, आणि २२ भागिले १.५४ म्हणजे १४.३. हीच उंची चुकून १२२ लिहिली गेली तर उत्तर येतं १४.८. मुलाचं एक ग्रॅमही वजन न वाढता निर्देशांक अर्ध्या अंकानं सुधारतो!

दुसरी चूक याहून मोठी. मोठ्या माणसांचा १८.५ चा आकडा मुलांना लावायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यांत ९ वर्षांच्या मुलाचा मधला निर्देशांक १६ च्या आसपास आहे. साधारण साडेतेराच्या खाली गेला तर तो कृश. म्हणजे वरचं १४.३ वालं पोर, ते नऊ वर्षांचं असेल तर, बारीक आहे पण कृश नाही. मोठ्यांच्या फूटपट्टीनं मोजलं तर आपली सगळी शाळाच आजारी निघेल. वय महिन्यांपर्यंत लिहा, तक्ता त्याशिवाय वाचता येत नाही. आणि वजनाचा आकडा मोठ्यानं पुकारू नका. काट्यावर एका वेळी एकच मूल, बाकीचे दाराबाहेर.

एका पायावरच्या तोलाच्या चाचणीला फ्लेमिंगो म्हणतात. ती आणि चकत्यांची चाचणी, दोन्ही १९८८ च्या युरोफिट या युरोपीय संचातल्या. पहिलीच्या पोरांना फ्लेमिंगो म्हणण्यात काही हशील नाही, बगळा म्हणा, तो त्यांनी रोज बांधीत बघितलेला असतो. गावच्या वाढईकडून ५० सेंटिमीटर लांब, ५ उंच आणि ३ रुंद अशी सागाची पट्टी करून घ्या, खाली दोन आडवे टेकू म्हणजे ती कलंडणार नाही. मूल आवडत्या पायावर उभं राहतं, दुसरा पाय गुडघ्यात दुमडून त्याच बाजूच्या हातानं मागे धरतं. तुमचा हात सोडला की घड्याळ सुरू. तोल गेला की घड्याळ थांबवायचं, पुन्हा उभं राहिलं की तिथून पुढे. असे ६० सेकंद भरेपर्यंत किती वेळा तोल गेला ते लिहायचं. पहिल्या ३० सेकंदांत पंधराहून जास्त वेळा पडलं तर चाचणी तिथेच थांबवा. आकडा कमी तेवढा तोल चांगला, हे नोंद घेणाऱ्याच्या वहीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पोटउठाव-दंडांसारख्या मोजायच्या चाचण्यांत जास्त म्हणजे चांगलं, म्हणून इथे हमखास घोळ होतो.

चकत्यांच्या चाचणीला एक टेबल, पुठ्ठ्याच्या २० सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या, त्यांच्या केंद्रांत ६० सेंटिमीटर अंतर, आणि मधोमध ३० बाय २० चा आयत. एक हात आयतावर स्थिर. ज्या हातानं मूल जेवतं तो हात या चकतीवरून त्या चकतीवर, २५ वेळा जाऊन-येऊन, म्हणजे ५० थापा. लागलेला वेळ लिहायचा, दोन संधी, त्यातली चांगली धरायची. टेबल मुलाच्या कमरेएवढं हवं. मोठ्यांच्या टेबलाशी पहिलीचं पोर टाचा उंचावून उभं राहतं आणि मोजली जाते त्याची उंची. दोन शाळकरी बाकं जोडली की काम होतं.

मोठ्यांच्या पाच

चौथी-पाचवीच्या धावण्याबद्दल बरंच वर आलं. पन्नास मीटरमध्ये एक गोष्ट राहिली. हातातल्या घड्याळानं घेतलेल्या वेळेत दोन-तीन दशांश सेकंदांची चूक सहज होते. फेब्रुवारीत पोर ०.२ सेकंदानं सुधारलं म्हणून टाळ्या वाजवाल तर त्या तुमच्या अंगठ्याला वाजतील. दोन्ही फेऱ्यांना घड्याळ धरणारा माणूस एकच असावा, आणि त्यानं आवाज ऐकून बटण दाबण्यापेक्षा सोडणाऱ्याचा हात खाली येताना बघून दाबावं. सहाशेमध्ये चालण्याची मुभा आहे, ती आधीच सांगा. नाहीतर पहिल्या फेरीत सुसाट सुटून दुसरीत मटकन बसणारी पोरं दरवर्षी दिसतात. त्यांना आदल्या आठवड्यात दोन-तीनदा ‘बोलता येईल एवढ्याच वेगानं’ फेऱ्या मारायला लावा.

पुढे वाकण्यासाठी पेटी नसेल तर व्हरांड्याची पायरी घ्या. पाय सरळ, तळवे पायरीला टेकलेले, पायरीवर फूटपट्टी, तळव्याच्या जागी ठरावीक आकडा. गुडघ्यावर एकानं हलका हात ठेवायचा, दाबायचं नाही. झटका देऊन पुढे गेलेलं धरू नका. सुरुवातीचा आकडा दोन्ही फेऱ्यांना एकच ठेवा, नाहीतर वही निरुपयोगी. पोटउठावात गुडघे दुमडून उताणं झोपायचं, हात मांड्यांवर, बोटं गुडघ्याला टेकेपर्यंत वर आणि परत खाली, ३० सेकंदांत किती ते मोजायचं. मान ओढून उठणाऱ्याला थांबवा. मुलींच्या या दोन चाचण्या वर्गाच्या आत, शिक्षिका किंवा अंगणवाडीताई असताना घ्या. गणवेशाच्या झग्याखाली चड्डी किंवा सलवार घालून यायला आदल्या दिवशी सांगा. मुली पोटउठावात कमी पडतात असा शेरा मी बऱ्याच वह्यांत वाचला आहे. खिडकीत उभी असलेली पोरं हटवली की तो शेरा बराच बदलतो.

दंडाबद्दल माझं मत वेगळं आहे. नियमात मुलग्यांना पूर्ण आणि मुलींना गुडघे टेकून असं आहे. नऊ वर्षांच्या बहुतेक मुलांना, मुलगा असो वा मुलगी, पाठ सरळ ठेवून पूर्ण दंड घालता येत नाही. ती कंबर खाली सोडून डोकं हलवतात आणि आपण ‘बारा’ लिहितो. चाचणीच्या अॅपसाठी मागतील तो आकडा भरा, पण आपल्या वहीत पाठ सरळ असलेलेच मोजा, मग ते दोन का असेनात. जवळच्या माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक असेल तर एक दिवस बोलवा. विदर्भात असे शिक्षक पुष्कळ अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेले असतात. ते मंडळ १९१४ चं, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे दाखवून आलेलं. दंडाचा खरा आकार मुलांना शब्दांतून कळत नाही, एकानं घालून दाखवलेला बघूनच कळतो.

नोंद आधी कागदावर. दरेकशाच्या पुढे जंगलात नेटवर्क कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसतो, आणि अॅप फिरत बसलं की चाळीस पोरं उन्हात ताटकळतात. माहिती संध्याकाळी तालुक्याला गेल्यावर भरता येते. एका मुलाला एक पान द्या, एका चाचणीला एक पान नको. चाचणीवार यादी केली की ती आपोआप गुणवत्ता यादी होऊन बसते.

आणि गुणवत्ता यादी करायची नाही, भिंतीवर तर मुळीच लावायची नाही. अमेरिकेत हा धडा फार महाग पडला. १९५० च्या दशकात तिथली मुलं साध्या स्नायूंच्या चाचणीत युरोपातल्या मुलांच्या फार मागे पडली, घबराट झाली आणि १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यासाठी परिषद नेमली. त्यातून शाळाशाळांत चाचण्या आल्या. पुढे राष्ट्राध्यक्षांचं जे पारितोषिक सुरू झालं ते प्रत्येक चाचणीत शंभरात पंच्याऐंशींच्या वर असणाऱ्यालाच. उरलेल्यांना सगळ्या वर्गासमोर बारवर लोंबकळणं तेवढं आठवत राहिलं. २०१२-१३ नंतर तिथे ती पद्धत सोडून, वयाला पुरेसा दम आहे की नाही एवढंच पाहणारी पद्धत घेतली. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढून जुनी चाचणी परत आणली आहे. ती तशी परत यायला हवी होती असं मला वाटत नाही.

आकडे हातात आल्यावर

दोन फेऱ्यांचे आकडे एका पानावर समोरासमोर मांडा आणि त्या मुलाची तुलना त्याच्याशीच करा. शेजारच्याशी नको, गोंदियाच्या शाळेशी तर नकोच. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, त्यामुळे थोडी सुधारणा वाढीचीच असते. लक्ष द्यायचं ते ज्याचं काही घटलं आहे त्याच्याकडे. डिसेंबरात सहाशे मीटर न थांबता पळालेली मुलगी फेब्रुवारीत दोनदा बसली, तर तिचा दम गेला कुठे? रक्त कमी असेल, जंत असतील, ताप येऊन गेला असेल, घरी पाणी भरायचं काम वाढलं असेल. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, पांढुरकी दिसली तर पालकांना गाठा आणि आरोग्य केंद्रात चिठ्ठी द्या. या सगळ्या खटाटोपाचा उपयोग मला इथे वाटतो. वर्गात गप्प बसलेल्या मुलाचं दुखणं कळायला महिने लागतात. त्याच्या पानावरच्या दोन आकड्यांतून ते एका दुपारी कळू शकतं.

‘जंगलातली पोरं काटकच असतात’ हे वाक्य बैठकीत ऐकू आलं तर मान डोलावू नका. चढाची सवय ही एक गोष्ट आणि अंगात रक्त असणं ही दुसरी. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधल्या आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं, त्यामागे निवड, महिनोन्‌महिने सराव आणि पोटभर आहार होता. नुसत्या काटकपणावर कोणी तिथवर पोचत नाही.

दोन फेऱ्यांच्या मधे काय करायचं? पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर दम लागेल असं हलावं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. शाळेच्या वेळापत्रकात तो तास पूर्ण मिळणार नाही. परिपाठानंतरची पंधरा मिनिटं मात्र तुमच्या हातात आहेत. तोल कच्चा असेल तर लंगडी, एक दिवस उजव्या पायानं आणि एक दिवस डाव्या. सीमेपलीकडे छत्तीसगडात हरेलीच्या सणाला बांबूच्या उंच काठ्यांवर, म्हणजे गेडीवर, चढायची रीत आहे. गावात कोणाला गेडी करता येत असेल तर दोन जोड मागून घ्या, बगळ्याच्या पट्टीपेक्षा पोरं तिच्यावर जास्त रमतात. दमासाठी खो-खो, हाताच्या चपळाईसाठी लगोरी, पायांसाठी दोरी. कबड्डी आणि खो-खो ‘एसएस’ मुलाला सोडून. पंधरा मिनिटांत मात्र निम्मा वेळ रांगा लावण्यात घालवू नका.

चौथी किंवा पाचवी संपली की मूल दुसऱ्या शाळेत जातं, बरीच मुलं देवरी प्रकल्पाच्या आश्रमशाळांत. दाखल्याबरोबर त्या पानाची प्रत जोडून द्या, सिकलसेलची नोंद असेल तर ती वेगळ्या बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या नावे. नाहीतर तिथे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी शिट्टी वाजवेल आणि सगळ्यांना एकत्र सोडेल.

पट्टी, चकत्या आणि टेप कपाटात ठेवा. चिंचोके मोजून डबीत भरा आणि झाकण घट्ट लावा. दुसऱ्या फेरीला ते नेहमी कमी भरतात. भाजलेला चिंचोका चांगला लागतो.